दाताचे छायाचित्र आणि जबड्यातील गाठ

दाढ दुखू लागली म्हणजे माणसाला दुसरे काही सुचत नाही, आणि ती दुखावयाची थांबली म्हणजे तिची आठवणही उरत नाही. आम्हा दंतवैद्यांचा व्यवसाय बराचसा या पहिल्या अवस्थेवर चालतो, आणि आमच्या हातून होणारे पुष्कळसे प्रमाद या दुसऱ्या अवस्थेमुळे घडतात. आज ज्या रोगांविषयी मी बोलणार आहे त्यांचा विशेष असा, की ते बहुधा दुखतच नाहीत. जबड्याच्या हाडात एखादी गाठ मूळ धरते, वर्षानुवर्षे हाड आतून पोखरीत राहते, आणि ज्याच्या तोंडात ती वाढत असते तो गृहस्थ सुपारी फोडीत असतो, हुरडा खात असतो, खुशाल असतो. एके दिवशी दाढी करताना आरशात एक गाल किंचित भरलेला दिसतो. घरची माणसे म्हणतात, अंग धरले आहे. वृद्ध माणसाची कवळी बसेनाशी होते. एखाद्याचा न किडलेला, चांगला मजबूत दात उगाच हलू लागतो. एवढ्यावरून हाडाच्या आत काय चालले आहे हे ओळखावयाचे कसे?

पोटातील गाठ हाताला लागते, गळ्यातील गाठ डोळ्यांना दिसते. जबड्यातील गाठ मात्र हाडाच्या भिंतीआड असते, आणि भिंत फुगून येईपर्यंत बोटाला काही कळत नाही. क्ष-किरणांच्या पूर्वी या अज्ञानाची किंमत काय पडत असे याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 1893 साली अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या वरच्या जबड्यात डाव्या बाजूस एक गाठ आढळली. देशावर आर्थिक संकट होते. अध्यक्षांना कर्करोग झाल्याची बातमी फुटली तर बाजार आणखी कोसळेल, या भीतीने ‘ओनायडा’ नावाच्या एका धनिक मित्राच्या क्रीडानौकेवर 1 जुलै रोजी गुप्तपणे शस्त्रक्रिया करण्यात आली. चेहऱ्यावर वण राहू नये म्हणून सर्व काम तोंडातून केले गेले. जबड्याचा मोठा भाग काढला. परंतु रोगाची हद्द नेमकी कोठे संपते हे पाहण्याचे कोणतेच साधन शस्त्रवैद्यांपाशी नव्हते. काही संशयास्पद भाग मागे राहिला असे वाटून 17 जुलै रोजी त्यांना पुन्हा शस्त्र हाती घ्यावे लागले. अध्यक्ष पुढे 1908 पर्यंत जगले, रबराचा कृत्रिम जबडा लावून भाषणेही करीत राहिले, आणि शस्त्रक्रियेत सहभागी असलेले डॉक्टर कीन यांनी ही हकीकत 1917 साली उघड केली. तोवर हे गुपित म्हणून चाललेले होते. मध्यंतरी एका वार्ताहराने खरी बातमी छापली होती, तर त्यालाच लोकांनी खोटा ठरविले!

या घटनेला पुरती अडीच वर्षे झाली नव्हती तोच, 8 नोव्हेंबर 1895 रोजी, जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन यांना ते अज्ञात किरण सापडले. अज्ञात म्हणून त्यांनी त्यांना ‘एक्स’ म्हटले आणि आपण मराठीत ‘क्ष’ म्हणतो. डिसेंबरच्या अखेरीस त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी 1896 मध्येच ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली काचेची पट्टी स्वतःच्या तोंडात धरून स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना 25 मिनिटे निश्चल पडून राहावे लागले. आज हेच चित्र सेकंदाच्या एका लहानशा अंशात निघते आणि संगणकाच्या पडद्यावर तत्काळ उमटते. तरीही रुग्ण विचारतोच, “डॉक्टर, अजून किती वेळ?”

आता प्रश्न असा, की गाठींनी जबड्याचीच एवढी निवड का करावी? आपल्या शरीरात 206 हाडे आहेत. पण त्यांतून दात उगवतात असा मान केवळ जबड्यांचा, आणि या मानाचा काही भाग त्यांना भोगावाही लागतो. गर्भ सहा आठवड्यांचा असतो त्या सुमारास तोंडाच्या आतील आवरणाचा एक पट्टा खाली उतरतो. त्याला कळ्या फुटतात, आणि प्रत्येक कळीभोवती एक दात आकार घेतो. दाताचे जे चकचकीत पांढरे कवच, ज्याला आपण दंतवल्क म्हणतो, ते या कळीतील पेशी तयार करतात. काम झाले की या पेशींनी नाहीसे व्हावयाचे. परंतु लग्नाचा मांडव उतरल्यावर अंगणात जशा सुतळ्या आणि खुंट्या राहून जातात, तसे या पेशींचे बारीक पुंजके हिरडीत, हाडात, दातांच्या मुळांभोवती राहून जातात. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1885 साली त्यांचे वर्णन केले आणि मुळांभोवतीच्या या पुंजक्यांना आजही त्याचेच नाव आहे. तुमच्या आमच्या, सर्वांच्या जबड्यात ते आहेत. बहुतेकांच्या बाबतीत ते जन्मभर झोपून असतात. क्वचित कोणाच्या जबड्यात त्यांतला एखादा जागा होतो आणि वाढू लागतो. कधी त्यातून पाण्याने भरलेली पिशवी होते, तिला आम्ही पुटी म्हणतो. कधी त्यातून भरीव अर्बुद होते. दातांच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या अशा पुटी आणि अर्बुदे मांडीच्या किंवा दंडाच्या हाडात होणे शक्यच नाही. तेथे दातांचे बी कधी पेरलेलेच नसते.

क्ष-किरण चित्रात हाड पांढरे दिसते आणि हाड जेथे गेले तेथे काळे दिसते. इतके कोणीही सांगू शकेल. खरे वाचन त्यापुढे आहे. एखाद्या गावात नवा माणूस येऊन राहिला तर तो कसा आहे हे शेजाऱ्यांकडे पाहून कळते. गाठीचेही तसेच. मंदगतीने वाढणारी गाठ शेजाऱ्यांना वेळ देते. हाड तिच्याभोवती एक पातळ पांढरी किनार उभारते, दात हळूहळू बाजूला सरकतात, त्यांची मुळे सुरीने कापल्यासारखी आखूड होतात, खालच्या जबड्यातून जाणाऱ्या शिरेची नळी खाली दाबली जाते. हाडाची बाहेरची भिंत आतून झिजते आणि बाहेरून नवी घातली जाते. असे होता होता ती अंड्याच्या टरफलाएवढी पातळ होते आणि बोटाने दाबली तर करकरते. उलट, घातक रोग शेजाऱ्यांना मुळीच वेळ देत नाही. त्याच्या काळ्या छायेला कडा नसते. कसर लागलेल्या लोकरीप्रमाणे ती कोठे संपते हे सांगता येत नाही. दात जागचे हलत नाहीत, पण त्यांच्या भोवतालचे हाडच नाहीसे होते आणि ते अधांतरी तरंगल्यासारखे दिसतात. हाडाच्या अर्बुदाचा एक घातक प्रकार असा आहे, की त्याच्या प्रारंभी दात आणि हाड यांमधील केसासारखी बारीक काळी फट फक्त एकदोन दातांभोवती सारखी रुंदावलेली दिसते. या खुणेकडे 1967 साली गॅरिंग्टन यांनी लक्ष वेधले. हाडातून सूर्यकिरणांप्रमाणे फुटणाऱ्या ज्या रेषा पाठ्यपुस्तकांत छापतात, त्या पुष्कळ उशिरा येतात. ही रुंद फट मात्र लवकर येते, आणि ती दिसते दाताच्या साध्या, दोन बोटे रुंदीच्या चित्रात.

जागा पाहणे तितकेच महत्त्वाचे. खालच्या जबड्यात शिरेच्या नळीच्या वरच्या बाजूस दातांचे क्षेत्र आहे. काळी छाया या नळीच्या वर असेल तर ती दंतजन्य असण्याचा संभव अधिक. नळीच्या खाली असेल तर विचार निराळा करावा लागतो. जबड्याच्या कोनापाशी, नळीच्या खाली, पुष्कळदा एक गोल, सुबक काळा डाग दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, पुटी! प्रत्यक्षात तो हाडाच्या आतील बाजूस पडलेला खळगा असतो आणि त्यात बहुधा लालाग्रंथीचा भाग बसलेला असतो. स्टॅफ्ने यांनी 1942 साली अशी 35 उदाहरणे प्रसिद्ध केली. त्याला काहीही करावयाचे नसते. अशीच आणखी एक फसगत खालच्या पटाशीच्या दातांपाशी होते. मध्यम वयाच्या स्त्रियांत या दातांच्या मुळाशी काळे डाग दिसतात, दात मात्र जिवंत असतात, थंड पाण्याची कळ त्यांना समजते. हे डाग काही वर्षांनी आपोआप पांढरे होतात. एवढे न तपासता ज्यांच्या चांगल्या दातांच्या शिरा काढण्यात आल्या अशा भगिनी मी पाहिल्या आहेत.

श्रोतेहो, दंतजन्य अर्बुदांत ज्याची आम्हाला सर्वांत अधिक धास्ती वाटते त्याचे नाव अमेलोब्लास्टोमा. दंतवल्क घडविणाऱ्या पेशींच्या कुळातील हे अर्बुद. पूर्वी त्याला अॅडमँटिनोमा म्हणत. आजचे नाव 1930 साली आयव्ही आणि चर्चिल यांनी सुचविले. ते तारुण्यात आणि मध्यम वयात अधिक आढळते. दहांपैकी सुमारे आठ रुग्णांत ते खालच्या जबड्यात असते, आणि त्यातही दाढांच्या मागे, जबडा जेथे कानाकडे वळतो तेथे. ते सहसा शरीरात अन्यत्र पसरत नाही, म्हणून त्याला सौम्य म्हणतात. पण या शब्दावर फार विसंबू नये. चित्रात ते साबणाच्या फेसासारखे किंवा मधाच्या पोळ्यासारखे दिसते: लहानमोठ्या काळ्या खोल्या, मध्ये हाडाच्या पातळ भिंती. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्याची कडा. चित्रात ती नीटनेटकी दिसते, परंतु अर्बुदाचे बारीक कोंब त्या रेषेच्या पलीकडे, सच्छिद्र हाडाच्या पोकळ्यांतून काही मिलिमीटर पुढे गेलेले असतात. चित्रातील रेषेपर्यंत खरवडून काढले, तर ते कोंब मागे राहतात आणि काही वर्षांनी गाठ पुन्हा उभी राहते. म्हणून शस्त्रवैद्य सामान्यतः दिसणाऱ्या हद्दीच्या पलीकडील एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात.

याविषयी माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीस सुमारे पंचवीस वर्षे झाली. सुतारकाम करणारा चोवीस वर्षांचा एक तरुण किडलेली दाढ घेऊन आला होता. मी दाढेचे लहान चित्र घेतले. मुळाच्या टोकाशी थोडी काळी छाया होती. दाढेच्या शिरा काढल्या, पोकळी भरली, दुखणे थांबले. तो आनंदाने गेला. अडीच वर्षांनी आला तेव्हा त्याचा गाल एका बाजूने सुजल्यासारखा दिसत होता. दुखत काहीच नव्हते. या वेळी मी सबंध जबड्याचे चित्र घेतले आणि पाहतो तो दुसऱ्या दाढेपासून थेट वरच्या सांध्याच्या खालपर्यंत ते फेसाचे साम्राज्य पसरलेले. मी कपाटातून त्याचे जुने पाकीट काढले आणि ती लहान फिल्म दिव्यासमोर धरली. मुळाच्या टोकावरून नजर हलविली, आणि फिल्मच्या अगदी मागच्या कडेला, नखाच्या कातरणीएवढी, एक वाकडी पांढरी रेषा होती. रेषेच्या पलीकडे काळे होते. ती रेषा अडीच वर्षे तेथेच होती. मी दाढ पाहिली होती, चित्र पाहिले नव्हते.

त्याला मी हे सांगितले. न सांगता निभावले असते, कारण ती फिल्म माझ्याखेरीज कोणी पाहिली नव्हती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दुखत तर काहीच नाही. मग एवढे हाड काढायचे कशाला?” त्याच्या आईला समजावून देणे त्याहून कठीण गेले. दात दुखल्याशिवाय जबडा कापतात हे त्या माउलीला पटेना, आणि पटावे तरी का? शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात झाली. एका बाजूचे जवळजवळ अर्धे खालचे हाड काढावे लागले. पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा जबडा घडविण्याची पद्धत अमेरिकेत हिडाल्गो यांनी 1989 साली प्रसिद्ध केली होती. तिचाच उपयोग करून नवा जबडा केला. अडीच वर्षांपूर्वी ती रेषा मला दिसली असती तर बरेच कमी हाड गेले असते, यात मला तिळमात्र शंका नाही.

अमेलोब्लास्टोमाचा एक धाकटा भाऊ आहे. तो विशीच्या आतबाहेरच्या मुलांत आढळतो आणि न उगवलेल्या अक्कलदाढेच्या माथ्याभोवती एका काळ्या पिशवीच्या रूपाने दिसतो. अडचण अशी, की त्याच जागी, हुबेहूब तशीच, निव्वळ पाण्याची निरुपद्रवी पुटीही होते. अडकलेल्या दाताच्या माथ्याभोवती दोनतीन मिलिमीटरची काळी पट्टी असणे स्वाभाविक आहे. ती पाच मिलिमीटरच्या आसपास गेली की संशय घ्यावा. पण संशयाच्या पुढे छायाचित्र जाऊ शकत नाही. दाढ काढताना निघालेली ती चिंधीसारखी पिशवी कचऱ्यात न टाकता सूक्ष्मदर्शकाखाली पाठविली तरच निवाडा होतो. केराटोसिस्ट नावाची दुसरी एक गाठ हाडाला फारसे न फुगविता लांबीच्या दिशेने भुयार खणीत जाते आणि फार उशिरा उघडकीस येते. तिला पुटी म्हणावे की अर्बुद, यावर पंडितांत असा वाद, की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 सालच्या वर्गीकरणाने तिला अर्बुदात बसविले आणि 2017 सालच्या वर्गीकरणाने पुन्हा पुटीत आणले. ज्याच्या जबड्यात ती होती त्याला या बढती-अवनतीचे सुखदुःख वाटण्याचे कारण नव्हते! मात्र एकाच माणसाच्या जबड्यात अशा अनेक गाठी दिसल्या तर एक आनुवंशिक विकार ध्यानात घ्यावा लागतो. त्यात पुढे त्वचेवर कर्करोग उद्भवतात, आणि तेव्हा त्याच्या भावंडांनाही तपासावे लागते. सांगण्याचा हेतू हा, की दाताचे चित्र कधी कधी सबंध कुटुंबाचे चित्र असते.

दातांच्या चित्राने दूरवरच्या एका मोठ्या शोधालाही हातभार लावला आहे. 1957 साली आफ्रिकेतील युगांडा देशात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात, डेनिस बर्किट या आयरिश शस्त्रवैद्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखविण्यात आला. त्याचे वरचे आणि खालचे दोन्ही जबडे, दोन्ही बाजूंनी सुजलेले होते. थोड्याच दिवसांनी दुसऱ्या एका गावी त्यांना तसेच दुसरे मूल दिसले. त्यांनी नोंदी जमविल्या, 1958 साली निबंध लिहिला, आणि पुढे मोटारीने हजारो मैल हिंडून हा रोग कोठे होतो व कोठे होत नाही याचा नकाशा केला. याच रोगाच्या पेशींत 1964 साली एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवा विषाणू सापडला. माणसाच्या कर्करोगाशी विषाणूचे नाते जोडणारा तो पहिला धागा. आमच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की चेहरा सुजण्याच्याही आधी या मुलांच्या दाढांभोवतीची हाडाची पातळ पांढरी रेषा चित्रात पुसट होऊ लागते आणि तुटते. हा रोग अतिशय वेगाने वाढतो, पण औषधांनी बराही होतो. त्यामुळे ती रेषा आठवडाभर अगोदर दिसणे म्हणजे मुलाला तो आठवडा मिळणे होय.

आपल्या देशात मात्र तोंडाचा कर्करोग म्हटला म्हणजे तो बहुतेक वेळा हाडात नव्हे, गालाच्या किंवा हिरडीच्या आवरणात जन्मतो, आणि त्याच्यामागे तंबाखू, गुटखा किंवा मिश्री असते. येथे क्ष-किरणांचे काम दुय्यम आहे. असा व्रण उजेडात डोळ्यांनीच दिसला पाहिजे. तो हाडात किती शिरला आहे एवढेच चित्राने सांगावयाचे. तरीही एक गोष्ट दंतवैद्याच्याच दारात घडते. तंबाखू खाणारा माणूस एक हलणारी दाढ काढून घेतो. तीन आठवडे झाले तरी जखम भरत नाही. त्याला गोळ्या दिल्या जातात, गुळण्या दिल्या जातात. अशा वेळी जागेचे चित्र घ्यावे आणि तुकडा काढून तपासावा. तसेच, काही इजा नसता खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, तर ती लहान तक्रार समजू नये. हाडातील शिरेला कोणी तरी हात घातलेला असतो.

छायाचित्राला न दिसणाऱ्याही गोष्टी पुष्कळ आहेत. 1961 साली बेंडर आणि सेल्टझर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञांनी मृतांच्या जबड्यांत मुद्दाम भोके पाडून चित्रे घेतली. आतील सच्छिद्र हाडात चांगली मोठी पोकळी केली तरी ती चित्रात उमटेना. बाहेरच्या टणक भिंतीला धक्का लागला तेव्हाच ती दिसू लागली. म्हणजे चित्र स्वच्छ आहे याचा अर्थ हाड निरोगी आहेच असा होत नाही. दुसरे असे, की चित्र सपाट असते आणि जबडा सपाट नसतो. गाठ गालाकडे आहे की जिभेकडे, हे एका चित्रावरून कळत नाही. त्यासाठी काटकोनात दुसरे चित्र घ्यावे लागते. सबंध जबडा एका पट्टीत दाखविणारे यंत्र हेलसिंकीच्या पाटेरो यांनी 1950 च्या दशकात सिद्ध केले आणि 1961 पासून ते बाजारात आले. त्याने कडेला लपलेल्या कितीतरी गाठी उघड्या केल्या, पण त्यात पटाशीचे दात पुसट येतात आणि आकारमान फसवे होते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इटली व जपान येथे शंकूच्या आकाराच्या झोताने तिन्ही मितींत जबडा दाखविणारी यंत्रे निघाली. आज ती आपल्याकडील लहान शहरांतही दिसतात. शस्त्रक्रियेचा आराखडा आखण्यास त्यांची फार मदत होते. मांसल भागात रोग किती पसरला आहे हे मात्र त्यांतही नीट कळत नाही. त्याला एमआरआय लागतो.

शेवटचा शब्द नेहमी सूक्ष्मदर्शकाचा. तुकडा काढण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट हटकून करावयास लावतो: सुईने आतले द्रव ओढून पाहणे. पिवळसर पाणी आले तर पुटी. काहीच आले नाही तर बहुधा भरीव गाठ. आणि लाल रक्त जोराने वर आले तर हत्यारे खाली ठेवावयाची. हाडात रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, तोही चित्रात फेसासारखाच दिसतो, आणि त्याच्यावरची सैल दाढ सहज म्हणून उपटल्यामुळे खुर्चीतच रक्तस्राव होऊन माणसे दगावल्याचे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. अलीकडे या प्रांतात जनुकशास्त्रही आले आहे. 2014 साली असे आढळून आले, की अमेलोब्लास्टोमाच्या पुष्कळ गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकात एकच ठरावीक बदल असतो. त्याच बदलावर चालणारी, मूळ त्वचेच्या एका कर्करोगासाठी केलेली औषधे काही रुग्णांत गाठ लहान करू शकली आहेत. जबडा वाचविण्याची ही वाट खरी ठरली तर कोणाला नको आहे?

किरणांच्या भीतीविषयी मला नेहमी विचारतात. ही भीती निराधार नाही. न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ते आपलाच हात झोतात धरीत. बोटे गेली, मग पंजा, मग हात, आणि यातना असह्य होऊन 1928 साली त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून 1901 सालीच धोक्याचा इशारा दिला होता आणि नळीला शिशाचे आवरण घालावयास सांगितले होते. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. आजची गोष्ट निराळी आहे. दाताच्या एका लहान चित्राचा किरणभार सुमारे पाच मायक्रोसीव्हर्ट धरला, तर जमिनीतून आणि आकाशातून एका दिवसात आपल्याला जो मिळतो त्याहून तो अधिक नाही. सबंध जबड्याच्या चित्राला दोनचार दिवसांइतका. त्रिमितीय चित्राला त्याहून बराच अधिक, म्हणून ते कारणाशिवाय काढू नये, लहान मुलांचे तर नाहीच. पण गाल फुगला असता भीतीपोटी चित्र नाकारणे म्हणजे विंचवाच्या धाकाने कंदील न लावण्यासारखे आहे.

एक विनंती आहे. दातांची जुनी चित्रे टाकून देऊ नका. दहा वर्षांपूर्वीचे चित्र शेजारी ठेवले म्हणजे आजचा डाग नवा की जुना, स्थिर की वाढता, हे क्षणात कळते आणि कित्येकदा एक शस्त्रक्रिया वाचते. आता ती चित्रे दूरध्वनीत साठविलेली असतात आणि दूरध्वनी बदलला की नाहीशी होतात. जुन्या कागदी पाकिटाचा हा एक गुण होता, की ते निदान देवघराच्या फडताळात सापडत असे.

माझा सुतार दर वर्षी आपले पाकीट घेऊन येतो. अमेलोब्लास्टोमा दहा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा परत येतो, म्हणून मी त्याला सुटी दिलेली नाही. त्याच्या नव्या जबड्यात पायाचे हाड आता इतके एकजीव झाले आहे, की सांधा कोठे आहे हे चित्रात शोधावे लागते. या वर्षी त्याने आपल्या मुलीला बरोबर आणले होते. एकोणीस वर्षांची आहे, अक्कलदाढ अडकली आहे. बापाने तिचे चित्र माझ्या हाती दिले आणि म्हणाला, “साहेब, आधी कडा बघा.” कडा स्वच्छ होत्या. दाढेभोवतीची पट्टी मी दोनदा मोजली. ती दोन मिलिमीटर भरली.